तिसऱ्या कड्यावरची गाठ

दिवसा मी कवळ्या करतो.
मेडिकल चौकात लॅब, दुसरा माळा, खाली चष्म्याचं दुकान.
मेण, गुलाबी हिरड्या, प्लास्टरचे जबडे.
माणूस मला दिसत नाही,
फक्त त्याचा चावा येतो, पुडीत, वर नाव लिहून.

रात्री गच्चीवर दुसरं काम.
आईनं स्वयंपाकघरातून हद्दपार केलेलं पातेलं,
विजेची शेगडी, लॅबमधलं थर्मामीटर, तोंडाला तोच मास्क.
बरणीतले फाटके नकली गांडूळ कात्रीनं बारीक करायचे,
शेपटी तुटलेले, मरळीनं उसवलेले.

आधी काहीच होत नाही.
मग कडा सुटतात, तुकडा तुकड्याला धरतो,
खरवसासारखा थलथलता गोळा,
आणि एकशेसत्तरला एकदम काच.
थोडं वर गेलं की पिवळं, धूर,
आणि खालून नंदनवार काकू:
"काय जाळून राह्यला बे, टायर?"

काळा रंग दोन थेंब.
चमकी इतवारीतली, बाशिंगवाल्याकडून, चिमूटभर.
साचा कोरडा हवा. ओल राहिली
की तापलेलं प्लास्टिक थुंकून परत येतं;
मनगटावर डाग आहे, मसुरीएवढा.
धार सुतासारखी. मध्ये खोकायचं नाही.

साच्यात एक चूक आहे.
प्लास्टर कालवताना बुडबुडा राहिला,
म्हणून प्रत्येक गांडुळाच्या तिसऱ्या कड्यावर
तिळाएवढी गाठ येते.
मासळी कुठं मोजते?
राहू दिली.

दुधपचारे काका हिंगण्याकडच्या तलावात जाळं टाकतात.
त्यांची खालची कवळी माझ्याच हातची.
परवा जिना चढून आले, हातात वर्तमानपत्राची पुडी.
"मरळ चिरली. पोटातून हे निघालं.
तुयंच आहे ना? गाठ पाह्य."
फुगून दुप्पट झालेलं, पांढुरकं,
पण कडी सगळी शाबूत. चमकीसुद्धा.
मरळ म्हणे नुसतं डोकं होती, मागं अंगच नाही.
"गिळलं, पण पचलं नाही तिले.
अन् तू तं सांगत होता, मी मासे सोडून देतो."
हसले.
हसताना माझे दात दिसले.

धुतलं. दोन दिवस कागदावर वाळवलं.
मग एकट्यालाच पातेल्यात टाकलं, बाकी काही नाही.
इतकुसं. तळही झाकेना.
शेगडीचा काटा पुढं केला, काच झाली,
साचा समोर, कोरडा ठणठणीत.
पातेलं तिरपं धरलं
आणि तसंच सरळ केलं.

सकाळी चकती निघाली, मऊ, रुपयाहून थोडी मोठी,
पाठीवर पातेल्याचा पोचा उमटलेला.
लॅबच्या खिडकीत ठेवली आहे, जबड्यांच्या रांगेत.
काका काल पुन्हा आले होते,
"हे कोणाचं तोंड?" विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता कवळी काढून हातावर ठेवली.
डावीकडं टोचते म्हणाले.
घासून देतो.