चोरलेले बेस : हंगामाअखेरचा तक्ता

तक्ता माझ्याच अक्षरात आहे.
पाठीमागे गूळबाजाराची आवक,
रवे किती, दर काय, कुणाची उचल बाकी.
कागद वाचवायची सवय; खेळसुद्धा मी
हिशेबाच्या उलट्या बाजूला लिहिला.

एकच हंगाम चालली ती लीग.
अडत्या खराड्यांना कुणीतरी पटवलं होतं
की फुटबॉलला तटावर माणसं चढतात, तर याला का नाही?
सामन्याला दीडशे रुपये, रोख,
आणि जिंकलात तर गंगावेशीच्या कट्ट्यावर
म्हशीखालून आलेला फेसाळ ग्लास.
बेस म्हणजे गुळाची जुनी पोती, आत वाळू.
दुसऱ्या बेसला कायम मुंग्या.
घसरून आलेला गडी
मांडी झाडत उठायचा, गोड वासाचा.

झुंबर गागडे, एकेचाळीस.
इलाही मुजावर, चाळीस.
खाली बापूसो सरनोबत, बावीस,
आणि बावीसच्या खालचं कुणी विचारत नाही.

इलाही पळताना दिसायचा.
झुंबर पोचल्यावर.
पहिल्या बेसवर असा उभा,
जणू गारगोटीच्या एसटीची वाट बघतोय.
"मास्तर, पिचरचा हात खोटं बोलतो," म्हणायचा,
"टाच न्हाई बोलत."

एकदा तटावरून कुणी ओरडलं,
"ह्याला चोरी शिकवाय लागतीय व्हय?"
लोक हसले. मीही, थोडा.
त्याचा आजा तारेच्या कुंपणाआड
दिवसातून तीनदा हजेरी द्यायचा,
हे मला नंतर कळलं.
नाही, आधीच ठाऊक होतं.
झुंबरनं टोपी काढली, तिकडं बघितलं, परत घातली.
पुढच्या चेंडूला तिसरा बेस.

शेवटच्या सामन्यात कॅचरच्या हातून चेंडू सुटला
आणि झुंबर दुसऱ्या बेसवर.
कॅचरची चूक लिहायची की चोरी?
दोघंही चाळीसवर. पहिल्याला सायकल.
मी चोरी लिहिली.
का लिहिली, ते त्या हसण्याला विचारा.

आठवड्यात लक्ष्मीपुरीत हवालदारानं सायकल अडवली.
पावती?
मी बाजार समितीच्या कागदावर लिहून दिलं:
सदर सायकल यांना चोरीबद्दल मिळालेली आहे.
संध्याकाळपर्यंत बसवून ठेवला त्याला.
सुटल्यावर एवढा हसला की
हँडल हातातून निसटलं.

काल इलाहीच्या पंक्चरच्या दुकानात
सव्वीस वर्षांनी बोललो.
तो ट्यूब पाण्यात दाबून
बुडबुडे शोधत होता.
"चाळीस-चाळीस होतं, इलाही. सायकल निम्मी तुझी."
त्यानं मान वर केली नाही.
"दुसऱ्या बेसवर कोण हुतं त्या दिवशी? मी.
चेंडू सुटायच्या आधीच निघालेलं बेणं.
कॅचरनं झेलला असता तरी घावलं नसतं.
तुमी हात बघत बसला, मास्तर."

खरं असेल.
किंवा पाण्यात बघत बघत
त्यानं मला एक बेस देऊन टाकला असेल.

घरी येऊन तक्ता उजेडात धरला.
चाळीस खोडून एकेचाळीस केलेल्या जागी
कागद विरलाय,
आणि पलीकडची गुळाची आवक
आरपार दिसते.