लिंबू

बेबीनंदा, काल फोनवर तू विचारलंस,
तिकडची माती कशी आहे गं?
बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं.
लोक विचारतात धान किती झाला, पोरी किती,
नळ आला का.

तर ऐक. नागभीडकडे वावर म्हणत नाहीत, बांधी म्हणतात.
माझ्या तोंडी अजून वावरच येतं
आणि सासूबाई अजून हसतात.
मातीला इथं नावं ढीगभर:
कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी.
आपल्या दर्यापूरकडे एकच होती, काळी.
फार तर भारी काळी नि हलकी काळी,
जशा आपण दोघी.

आठवते ना? श्रावणात पायाला शेरभर चिकटायची,
चप्पल रुतली तिथंच सोडून घरी यायचो.
आणि चैत्रात एवढी फाटायची
की मधूचा निळा कंचा भेगेत गेला
तर खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.
तो रडला. बाबा म्हणाले, जाऊ दे रे,
ही कुणाचं ठेवून घेत नाही, फक्त वेळ लावते.
सहा वर्षांनी वखराच्या पासेपुढे लोळत आला
तोच कंचा.
तोवर मधूला मिशा फुटल्या होत्या.

मागच्या आठवड्यात इथं माती तपासणारे आले,
कापगते नावाचे, गळ्यात भिंग, टोपीवर घामाचं मीठ.
आमच्या बरडीत पुरुषभर खड्डा घेतला,
भिंत खरवडून सरळ केली, पट्टी टांगली
नि मला म्हणाले, उतरा वहिनी.
उतरले. छातीपर्यंत पिवळं-तांबडं, मग रेव,
आणि तळाशी खडक. आपल्यासारखा काळा नाही,
पट्ट्यापट्ट्यांचा, चमचमता,
अंगठ्यानं दाबला तर जुन्या खोबऱ्यासारखा भुरभुरला.
"हा बाप," ते म्हणाले.
मी म्हटलं, आणि माय?
त्यांनी वर बघितलं. फेब्रुवारीचं आभाळ, त्यात काहीच नव्हतं.
"पाऊस म्हणा. ऊन म्हणा. लय वर्षं."

मग सांगत बसले, खड्ड्याच्या काठावर पाय सोडून.
तुमच्या माहेरचा दगड आगीतून आलेला,
त्याची माती फुगते, पाणी धरून बसते.
पाऊस बेताचा, म्हणून चुना जागचा हलत नाही,
खाली खड्याखड्यांनी साचतो.
इथला दगड गारगोटीचा. गारगोटी झिजते, विरघळत नाही.
वर पाऊस जवळपास दुप्पट,
चुना धुऊन नदीला गेला केव्हाच,
लोखंड तेवढं मागं राहिलं, गंजलं.
"म्हणून ही तांबडी. हिला दरसाल शेण लागतं."
ते मला माहीत होतं. शेण मीच वाहते.

मी घरात गेले नि डालड्याचा डबा आणला.
लग्नात आईनं दिलेली तुळस
इथल्या दुसऱ्याच पावसात मुळाशी सडली,
तिचं ढेकूळ तेवढं राहिलं होतं.
कापगत्यांनी बाटलीतला थेंब आधी खड्ड्याच्या भिंतीवर टाकला.
काही नाही. माती गप्प.
मग ढेकळावर.
बेबी, फस्सकन उठली गं! पांढरा फेस,
दूध उतू जाताना येतो तसा आवाज.
मला उगाच वाटलं, हिनं मला ओळखलं.
"चुना आहे, एवढंच," ते म्हणाले.
"फसफसली म्हणजे लय कसदार असं नाही."
मग कसदार कोणती?
"धानाला विचारा. तुरीला विचारा. दोघं भांडतील."

ते गेले. खड्डा बुजवायला मी आणि हे,
खालची माती खाली, वरची वर,
त्यांनी बजावलं होतं तसंच.

रात्री धाकटी मागं लागली, परत दाखव.
आता ते तेजाब कुठून आणू?
तिनंच परसातलं लिंबू कापलं,
ह्याच बरडीतलं झाड, माझ्या हातचं,
ढेकळावर पिळलं
आणि कान लावून बसली.

"बोलते का?" मी विचारलं.
तिनं बोट ओठावर ठेवलं.