शेरा

आमच्या जनरल रजिस्टरात
अर्धा पाडा एक जूनला जन्मलेला आहे.
आधीच्या गुरुजींनी लावलेली ही शिस्त.
मी फक्त शाई बदलली.

पेठ रस्त्याच्या पलीकडे गोवर निघाला
त्या मंगळवारी गांगोडे सिस्टर आल्या.
निळा डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या,
कार्डं कुणाकडंच नाहीत, गुरुजी.
कुणाचं उंदरानं खाल्लं,
कुणाचं कुडात खोचलेलं, पावसात विरघळलं.
तुमचं बुक तेवढं द्या.

दिलं. जरा अभिमानानंच दिलं,
पानोपान खाडाखोड नाही म्हणून.

त्या बोटांच्या पेरांवर मोजत गेल्या :
जून अधिक नऊ, मार्च.
जून अधिक नऊ, मार्च.
पुन्हा मार्च.
मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं
आणि काही बोलल्या नाहीत.

जयवंती भोयेची आई दारातच उभी होती.
ही कधीची गं?
“नागली लावीत होतो. चिखलाच्या पायानं घरी गेले
नि झाली.”
म्हणजे जुलै. सिस्टरनी बोटं पुन्हा उघडली.
पहिला डोस एप्रिल, दुसरा त्यापुढचा नोव्हेंबर.
एप्रिलात कुठं होता?
“दिंडोरीला. द्राक्षाच्या पेट्या भरायला.”
नि नोव्हेंबरात?
“तिथंच की. मणी विरळायला.”

मी कपाटाच्या तळातून हजेरी ओढली,
तिच्या थोरल्या भावाची, त्या सालची.
वाळवीनं कडा नेल्या होत्या, ओळ शाबूत होती.
एप्रिल : गै गै गै गै गै
नोव्हेंबर : गै गै गै
कंटाळून, पान न बघता घातलेली माझीच अक्षरं.
जन्मतारखा वळणदार अक्षरात खोट्या लिहिल्या,
आणि हे गिचमिड खरं निघालं.

दिवे लागेपर्यंत आम्ही गै शोधत बसलो.
ज्या घराचं पोर त्या दिवसांत वर्गात नव्हतं
त्या घराचं तान्हंही पाड्यावर नव्हतं.
एकोणीस नावं निघाली.
आशाताई बंद दारांवर खडूनं खूण करून
परत गेली असणार, एकोणीसदा.

रजिस्टरातली तारीख मला बदलता येत नाही,
त्याला वरचा कागद लागतो.
पण शेवटचा रकाना असतो, शेऱ्याचा,
त्यात आजवर मी ‘वर्तणूक चांगली’ एवढंच लिहीत आलो.
तिथं लिहिलं : नागली लावणी.

जयवंती दंडावरचा कापूस दाबून वाचत होती.
“मग मी ल्हान झाले का?”
महिन्याभरानं.
तिला ते अजिबात आवडलं नाही.