सातवा मैल

सांडाकानला पत्ता मैलात सांगत.
आम्ही सातव्या मैलाचे, म्हणजे हाक्का,
म्हणजे चिखल, अळूचे वाफे, चढा आवाज.
आईचं माहेर बंदरापाशी, घड्याळांच्या दुकानावर.
तिथे कँटोनीज, आणि चपला दाराबाहेर.

बस पाचव्या मैलाला वळली
की मी तोंडातल्या तोंडात बदलायचे :
घरचं 'ङाई', आजोळचं 'ङो'.
मी, आणि मी.
कधी वळणाआधीच बदलून बसायचे,
बाबा खिडकीबाहेर बघत.

खाडीत ओंडके तरंगत.
भिजल्या सालीचा वास
आजोळच्या भातालाही यायचा.

लिओंग आजोबा जावयाशी बोलत
ते बाजारच्या मलायमध्ये,
मासेवाल्याशी बोलावं तसं.
मी झाले तेव्हा बाबांनीही म्हणे
भाव सांगावा तसं सांगितलं :
मुलगी. तीन किलो.

एकदा बाबा सारण भरलेला टोफू घेऊन आले,
सात मैल, मांडीवर पातेलं धरून.
आजोबांनी न बोलता पाच तुकडे खाल्ले,
काड्या पुसल्या, विचारलं : किती झाले?
बाबा म्हणाले, फुकट.
कुणी हसलं नाही.
आत मोरीत आई तेवढी
तोंडावर ओला हात दाबून.

आजोबांमागे एक घड्याळ आमच्याकडे आलं.
अकरा मिनिटं पुढे.
बाबांनी ते कधी लावून घेतलं नाही.
वेळ विचारली की वर बघत
आणि अकरा वजा करत,
ओठांतल्या ओठांत,
कँटोनीजमध्ये.