ङचा रकाना

एकतीस मेला होड्या वर ओढल्या
आणि बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर थांबला.
लतीफशेट म्हणाले, दोन महिने आहेत, वह्या लाव.
मी वह्या नाही लावल्या.
चुलतभावाचा जुना लॅपटॉप उघडला,
बरोबर-चिन्हाची कळ अर्धी तुटलेली,
आणि ठरवलं, हिशेबाचा तक्ता आयता नाही घ्यायचा,
आपणच करायचा, जावास्क्रिप्टमध्ये, पहिल्या गाठीपासून.
जाळं मला विणता येतं.
म्हटलं, चौकोनांचं जाळं ते काय वेगळं.

रकान्यांना नावं दिली क, ख, ग, घ.
होडी, लाद्या, भाव,
आणि घमध्ये सूत्र: बरोबर, ख गुणिले ग.
पुढे ङ आला.
ङनं सुरू होणारा एकही शब्द आठवेना.
राहू दिला रिकामा.

जूनभर थोडं थोडं कळत गेलं.
एक बरोबर म्हणजे ठेव.
दोन म्हणजे चालवून घे.
तीन म्हणजे दोन्ही पारडी समोरासमोर, काट्याला बोट न लावता.
हर्णैच्या लिलावात सगळा कारभार दोनाचा.
'धिस' म्हणजे कोण, यात चार रात्री गेल्या;
शेवटी बंदरावरचा 'आपला माणूस' आठवला.
कोण बोलतंय त्यावर ठरतो, तो कुणाचा.
क्लोजर मात्र चटकन समजलं.
टेकबहादुर दहा वर्षं 'अल-रहमत'वर खलाशी आहे,
अजून मोजतो नेपाळातल्या त्या पायऱ्या
ज्या उतरून तो आला.
गाव कधीच मागं पडलं, आकडा सोबत चालतो,
बाहेरून कुणाला तो बदलता येत नाही.

दहा पैशांत वीस पैसे मिळवले.
मशीन म्हणालं तीस, वर एक शेपूट:
पंधरा शून्यं आणि मग चार.
शेटना दाखवलं.
"तो चार जातो कुणाच्या खिशात?"

जुलैत अडकले.
भाव बदलावा तर बेरीज जुनीच.
मग एकेका घराला विचारत गेले, तू कुणावर टेकलायस?
जो कुणावरच टेकलेला नाही तो आधी,
त्याच्यावरचे मागून.
तरी एका रात्री सगळं गोठलं.
'एकविरा'चं देणं डिझेलवाल्या पावशांच्या येण्यावर,
पावशांचं आमच्या शेटवर,
शेटचं 'एकविरा'वर.
सूत्र स्वतःलाच विचारत विचारत फुटलं.
मग विचारायला निघालेल्या प्रत्येक घरावर खडूची खूण.
तीच खूण पुन्हा दिसली तर थांब,
लिही: वर्तुळ.
शेट चष्मा काढून हसले.
"हे माझ्या बापाच्या वेळेपासून आहे, पोरी.
तुझ्या यंत्राला आज दिसलं."

ऑगस्ट लागला, वह्या तक्त्यात चढवल्या.
नऊ लाद्यांचा मेळ बसेना.
मार्चमधली नोंद, पेन्सिलीची.
नाव आहे, भाव नाही.
शेट खिडकीतून सुवर्णदुर्गाकडे बघत राहिले.
"जयवंत दोरकुळकर," म्हणाले.
"भाऊ कुवेतहून येईस्तोवर दोन दिवस ठेवायचा होता."

भाव शून्य घालू?

"शून्य घातलंस तरी तो भावच झाला."

खरंय. शून्य वेगळं,
आणि जे ठरवलंच नाही ते वेगळं,
हे तर जूनमध्येच शिकले होते,
पाठ करून.

ङमध्ये लिहिलं: नऊ.
कुठलंच सूत्र तिकडे बघत नाही,
बेरीज शेजारून निघून जाते.
मागच्या वह्या चाळते आहे आता, पेन्सिलीसाठी.
चार ओळी भरल्यात.

बाहेर बैलगाडी पाण्यात शिरली,
बैल पोटापर्यंत, लाद्या गोणपाटाखाली.
कुणीतरी ओरडलं, 'अल-रहमत', बारा!
कळ दोनदा दाबावी लागली.
घ आपणहून बदलला.