पंधरा ओळी जास्त

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
वर्कशॉपच्या माळ्यावर आमचं ऑफिस.
खाली लेथ चालतो, वर माझा कीबोर्ड किंचित थरथरतो,
आणि पडद्यावर चौदाशे बारा नावं,
काळ्यावर हिरवी.
यातल्या प्रत्येकाला एक खोली मिळायची आहे, कधीतरी.

मुकादम सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं:
यादी सोडून बाहेर जायचं नाही.
चहा हवा तर आपण उठतो का? खिडकीतून हाक मारतो.
तसंच. अपूर्णविराम, टक्का, उद्गारचिन्ह,
पुढे काय हवं ते.
अख्खी यादी बाहेर जाते, काम करून घेते,
परत येऊन त्याच जागी बसते.

उद्गारचिन्हाला मी हसले होते.
कळव्याच्या शाळेत घोलप बाईंनी
अबब, अरेरे, शाबास यांच्या मागे उभं केलेलं ते.
इथे ते आधी येतं, मागून हुकूम.
आणि उभी रेघ!
आजोबांच्या पोथीत ती आली की श्वास घ्यायचा,
ओवी मिटायची.
इथे ती आली की थांबायचं नाही,
हातातलं पुढच्याच्या हातात द्यायचं,
आग लागल्यावर बादल्या देतात तसं.

शुक्रवारी पावणेसातला म्हटलं, दुबार नावं काढून घरी जाऊ.
लाव क्रमाने, सारखी असतील तिथे एकच ठेव.
एंटर.
तळाशी बारीक अक्षरांत उमटलं:
चौदाशे बारा ओळी गाळल्या.
शेवटची ओळ मात्र तेराशे सत्त्याण्णवावी.
वजाबाकी माझी मलाच करावी लागली.

कुणी ओरडलं नाही.
रिकामी जागासुद्धा उरली नाही,
खालची नावं वर सरकली,
रेशनच्या रांगेत सरकतात तशी,
मधला कुठे गेला ते न विचारता.

चाळणी उरलेलं दाखवते.
पडलेलं पाहायचं तर
आपण वाकायचं.

यू दाबलं.
आता मात्र ते बोललं: पंधरा ओळी जास्त.
घेताना गप्प, देताना मोजून.

मग उलटं विचारलं, फक्त दुबार दाखव.
चौदा खरोखरच दुबार निघाली,
सर्व्हेच्या जयदीपने एक पान दोनदा भरलेलं,
तेव्हा कबूल करते,
चाळणी चौदा वेळा बरोबर होती.

पंधरावं नाव हौसाबाई गणपत लोंढे.

शनिवारी गेले. नळावर विचारलं.
"कुठली? पिठाची की मशीनची?"
एक चक्कीवर बसते, पापण्यांपर्यंत पांढरी.
एक साड्यांना फॉल लावते, दारातच, उजेडासाठी.
गणपतही दोन, एक भिंतीवर, हारात,
एक रिक्षाची काच पुसत उभा.
एकीचं गॅसचं पुस्तक दुसरीकडे जातं,
एकदा तर रक्ताचा रिपोर्ट,
"आठ दिवस मी हिची साखर जपली,"
पिठाची सांगते आणि दोघी हसतात.

मशीनची दोरा तोडता तोडता म्हणाली,
"तुमच्या कॉम्प्युटरला नाही होय कळलं?"
"नाही कळलं."
"तुम्हाला कळलं ना? मग लिहा."

सोमवारी दोन्ही ओळींच्या शेवटी
स्वल्पविराम देऊन लिहिलं: पिठाची. मशीनची.
सर चष्मा कपाळावर घेऊन म्हणाले,
असा रकानाच नाही, वरून परत येईल.
येऊ दे म्हटलं.
सर काही बोलले नाहीत. खिडकीतून दोन चहा सांगितले.

पुन्हा तोच हुकूम, तीच उभी रेघ.
तेराशे अठ्ठ्याण्णव.
पिठाची वर, मशीनची तिच्याखाली,
कारण प आधी येतो, म नंतर.
दुसरं काही कारण नाही.