शिल्लक

साखर कारखान्याच्या स्टोअरला एकतीस वर्षं काढली मी.
बेअरिंगपासून पोती शिवायच्या सुतळीपर्यंत
एकेक वस्तू माझ्या सहीनं बाहेर पडली.
म्हणून पेपरात नव्या तापाची चौकट आली
तेव्हा हातपाय गाळले नाहीत.
आखीव वही काढली, पट्टीनं तीन रेघा मारल्या:
आवक, जावक, शिल्लक.

शाळू दहा किलो. तांदूळ पाच. मूगडाळ, मीठ, चहापूड.
एकाहत्तर वर्षांच्या एकटीचं पोट केवढं, तेवढंच.
मगदूमांच्या दुकानात एकानं
साबणाचं अख्खं खोकं काखोटीला मारलं.
मी दोन वड्या घेतल्या.
माझ्या मागेही एक काठी उभी होती रांगेत.

बीपीच्या गोळ्या, महिन्याच्या जास्तीच्या.
नवं पाकीट मागं, जुनं पुढं.
हे मला कुणी शिकवायला नको.
थर्मामीटरचा सेल बदलला. मास्क धुऊन दोरीवर.
भडंग दोन किलो
(हे गरजेत बसत नाही, तरी लिहिलं.
ऑडिटला कोण येतंय?)

सुहास पुण्याहून म्हणाला, "आई, इकडंच ये."
म्हटलं, तुझ्याकडं माणसं सहा, बाथरूम एक,
लिफ्टमध्ये अख्खी सोसायटी खोकते.
इथं निदान खिडक्या माझ्या आहेत.

त्यातली उत्तरेची, पुराच्या साली फुगून बसलेली,
तिची चौकट दोन दिवस कानशीनं घासली.
उघडली एकदाची.
वाऱ्याबरोबर मार्केट यार्डातली हळद आत आली
आणि मी उगाच, वय विसरून, शिंकले.
मग घाबरले.
मग हसले.

पुराचं बरं असतं. पाणी दिसतं.
पायरी पायरीनं चढतं,
जिन्यात खडूनं खूण करून झोपता येतं तासभर.
कृष्णेनं निदान एवढं तरी केलं आमच्यासाठी.
याची खूण कुठं करायची?
सासरे सांगायचे, प्लेगात सगळं गाव
माळावर झोपड्या घालून राहिलं.
आता माळावर प्लॉट पडलेत, गुंठ्याचा भाव विचारू नका.

फ्रिजवर कागद चिकटवला:
रक्तगट, डॉक्टर बेडग्यांचा नंबर, गोळ्यांची नावं,
जादा किल्ली मगदूमांकडं.
अक्षर मोठं काढलं. वाचणाऱ्याला घाई असणार.

आणि समोरच्या हलीमा मुल्लाबाई,
उर्दू शाळेतून रिटायर, गुडघे माझ्यापेक्षा वाईट.
गल्लीच्या दोन्ही काठांवरून, आपापल्या गॅलरीतून,
आम्ही ठराव केला.
सकाळी आठच्या आत कठड्यावर लाल टॉवेल.
दिसला नाही तर हाक.
हाकेला ओ नाही तर मगदूम.

चौथ्या दिवशी मला रात्रभर झोप नव्हती,
पहाटे डोळा लागला तो लागलाच.
जाग आली ती माझ्या नावानं.
नवरा गेल्यापासून नुसत्या नावानं
इतक्या मोठ्यानं कुणी बोलावलं नव्हतं मला.
खाली गल्लीत बाई उभ्या,
अनवाणी, मास्क हनुवटीवर,
ते गुडघे घेऊन चौदा पायऱ्या उतरून आलेल्या.
मला बघून आधी शिव्या दिल्या,
शाळेत देत नसतील अशा.
मग मास्क नाकावर ओढला,
सहा पावलं मागं सरकल्या,
आणि म्हणाल्या, "चहा ठेवलाय गॅसवर, उतू गेला असेल."

त्यांच्या चहापुडीचं काय, विचारायचं राहूनच गेलं होतं.
टोपलीतून अर्धा किलो खाली सोडली.
वहीत जावक टाकली, शिल्लक कमी केली,
आणि खाली एक नवी ओळ घेतली:

टॉवेल, लाल, नग एक.
जावक सकाळी.
आवक संध्याकाळी.